श्रावणात मोजलेले माग

सर,

शोकसभेत माझी पाळी आली तेव्हा मी चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे असेल. दुःख होतंच. पण माझ्या आधी बोललेल्या तिघांनीही तुमच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणाचं, विणकरांच्या प्रकरणाचं, नाव घेतलं होतं. एकाने तर त्यातला परिच्छेद वाचून दाखवला. टेबलावरच्या तुमच्या फोटोचा हार एका बाजूला घसरला होता आणि तो सरळ करायला कोणी उठत नव्हतं. मी त्या हाराकडे बघत बसलो. ते सातवं प्रकरण चुकलेलं आहे आणि चूक तुमची नसून माझी आहे, हे त्या हॉलमध्ये एकट्या मला ठाऊक होतं.

तुम्हाला जाऊन उद्या महिना होईल. जे सांगायला म्हणून मी तीनदा तुमच्या धंतोलीच्या घराच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलो, ते आता लिहितो आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "प्रस्तावना पुरे, मुद्द्यावर ये." पण मुद्द्यावर यायला मला इतकी वर्षं लागली, तिथे आणखी थोडा वेळ द्या, सर.

तुमच्या वर्गात मी पहिल्यांदा उभा राहिलो तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही काहीतरी विचारलं होतं आणि मी उत्तराची सुरुवात "मले वाटते" अशी केली. अख्खा वर्ग हसला. तुम्ही हसू संपेपर्यंत थांबलात. मग अगदी गंभीरपणे म्हणालात, "काय वाटते तुले?" त्यात चिडवणं नव्हतं. माझ्याच बोलीत तुम्ही मला पुढे बोलायला सांगत होता. त्यानंतर कोणी हसलं नाही, पण उत्तर काय द्यायचं ते मात्र मी विसरून गेलो.

तास संपल्यावर तुम्ही गाव विचारलंत. त्या दिवसापासून मी तुमचा "उमरेड" झालो. तुम्ही सगळ्यांनाच गावाच्या नावाने हाक मारायचात. "काटोल, खिडकी लाव." "अबे भिवापूर, झोपून राहिलास की ऐकून राहिलास?" शहरातल्या मुलांना गाव नव्हतं, म्हणून त्यांना मोहल्ल्यावर भागवावं लागे. पहिल्या पंधरा दिवसांत मला वाटलं, हे सर आमची खिल्ली उडवतात. मग लक्षात आलं, ज्या गावांची नावं आम्ही शहरात आल्यावर दाबून बोलत होतो, ती तुम्ही मोठ्याने घेत होता.

आणि मी तुम्हाला पहिलीच गोष्ट खोटी सांगितली.

तुम्ही व्हरांड्यात विचारलंत, "घरी काय असतं?" मी म्हणालो, "शेती." आमची वीतभर शेती नव्हती. आमच्या घरी माग होता. बाबा विणत होते, आई कांड्यांवर सूत भरत होती, आणि शनिवार-रविवारी घरी गेलो की ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या सुताला, खळ लावायला मी असे. सोमवारी सकाळच्या बसने नागपूरला येताना हाताला खळीचा आंबूस वास यायचा. हॉस्टेलच्या नळावर मी साबण लावून तीनदा हात धुवायचो. कोणी मला त्यावरून बोललं होतं असं नाही. बोलेल, ह्याचीच भीती होती. घरातला मी पहिला कॉलेजात आलेला. मला वाटायचं, शिकणं म्हणजे मागाखालच्या त्या खड्ड्यातून पाय बाहेर काढणं, आणि एकदा काढले की तिकडे बघायचं नसतं.

पुढे तुम्ही नागपूरच्या इतिहासाच्या पुस्तकाचं काम काढलंत आणि मला हाताशी घेतलंत. विणकरांचा विषय आला तेव्हा साहजिकच विचारलंत, "उमरेडचा आहेस, तुमच्याकडे माग असेल." मी म्हणालो, "होता, सर. आजोबांच्या वेळी. आता नाही." तुम्ही मान हलवलीत. मी जे सांगितलं ते तुम्ही खरं धरलंत. माझ्या आयुष्यात मोठ्या माणसाने माझा शब्द असा जसाच्या तसा घेतलेला तो पहिलाच प्रसंग होता, आणि तो शब्द खोटा होता.

तरी ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. तुमच्या घरची बाहेरची खोली. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजू सुरीने कापून तुम्ही चिठ्ठ्या करायचात आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यांत त्या उभ्या लावायचात. मे महिन्यात नागपूरचं ऊन अंगणातली फरशी जाळत असताना तुम्ही पंखा बंद करायचात. कारण चिठ्ठ्या उडतात. घाम कोपरापर्यंत ओघळायचा, आणि काकू आतून ओरडायच्या, "अहो, पंखा लावा! त्या पोराला शिजवून राहिले तुम्ही!" तुम्ही म्हणायचात, "एक चिठ्ठी उडाली तर पन्नास वर्षं उडतात, तुला काय कळतं?" काकू दारात येऊन म्हणायच्या, "मला एवढं कळतं की हा मेला तर तुमच्या चिठ्ठ्या लिहायला कोणी नाही." मग पन्ह्याचे दोन पेले यायचे, आणि आम्ही ते चिठ्ठ्यांपासून हातभर लांब, जमिनीवर ठेवून प्यायचो.

काकूंचं म्हणणं खरंच होतं. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशन तुम्ही पुस्तकापायी पुढे ढकलत होता. फिकट शाईचे जुने कागद तुम्हाला वाचवत नव्हते. मी उतरवून आणायचो, तुम्ही भिंगातून माझं अक्षर वाचायचात. तुमचा नियम एकच होता. प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: कुठून, कोणी, केव्हा. त्यातली एक जरी नसली तरी ती चिठ्ठी तुम्ही माझ्यासमोर टरकावून टाकायचात.

दप्तरखान्यात मला मागांच्या मोजणीच्या दोन जुन्या वह्या सापडल्या. इंग्रजांच्या वेळच्या. नागपूरच्या विणकर मोहल्ल्यांच्या आणि उमरेडच्या. काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजणी झाली होती. रकाने पाच होते: मोहल्ला, घरं, चालू माग, बंद माग, आणि शेवटी तपासणीची तारीख. आपली चिठ्ठी अरुंद. चार रकाने नीट बसत होते, पाचवा घेतला की अक्षर बारीक करावं लागे आणि ते तुम्हाला वाचता आलं नसतं. मी पाचवा सोडला. वर फक्त साल टाकलं. तुम्ही भिंग लावून बघितलंत आणि विचारलंत, "केव्हा?" मी म्हणालो, "साल टाकलंय, सर." तुम्ही म्हणालात, "ठीक."

पहिल्या मोजणीत माग भरपूर, दुसऱ्या मोजणीत गल्लीमागून गल्ली बंद. तुम्ही त्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून कितीतरी वेळ बसलात. मग म्हणालात, "म्हणजे गिरणी आल्यावर ह्या लोकांनी टिकाव धरलाच नाही. इतक्या लवकर सोडलं!" तुमच्या आवाजात वाईट वाटल्याचा सूर होता. मला मात्र आतून सुटल्यासारखं झालं. कागदच सांगत होता की माग संपले. मग माझं खोटंही फारसं खोटं राहत नव्हतं.

तुम्ही लगेच विश्वास ठेवलात असंही नाही. मला घेऊन गांधीबागेत गेलात. एका कापडवाल्याच्या पेढीवर बसून तुम्ही एका लुगड्याचा काठ बोटांत धरून विचारलंत, "हे कुठलं?"

"उमरेडचं, साहेब. अस्सल हातमाग."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तो काठ मी ओळखला होता. बाबांचा नसेल, पण आमच्याच गल्लीतल्या कोणाचा तरी होता. मी म्हणालो, "सर, हे लोक पॉवरलूमचं हातमाग म्हणून विकतात."

दुकानदार चिडला. "काय भाऊ, सकाळी सकाळी धंदा खराब करून राहिले काय? तुमचं गाव कोणतं?"

"उमरेड," मी म्हणालो.

"मग तर तुम्हाला लाज पाहिजे!"

तुम्ही खो खो हसलात. रस्त्यावर आल्यावर म्हणालात, "बघ, व्यापारी कसा रंगवून सांगतो. बरं झालं तू होतास." इतवारीच्या गर्दीत एका हातगाडीला वाट देताना तुम्ही माझा दंड धरलात आणि पुढे बराच वेळ सोडला नाहीत. डोळ्यांमुळे असेल. मला तेव्हा वाटलं होतं, मायेने. आता वाटतं, दोन्हीमुळे.

मी एम.ए. झालो तेव्हा तुम्ही न सांगता उमरेडला आलात. श्रावण होता. धोतराचा सोगा हातात, दुसऱ्या हातात छत्री आणि पेढ्यांचा पुडा. गल्लीत तुम्हाला बघून मी आधी आमच्या दाराकडे बघितलं. मग आठवलं, पावसाळा आहे, माग झाकलेला आहे. आणि मला हायसं वाटलं. हे मी आज लिहितोय तेव्हाही लाज वाटते, सर.

तुम्हाला हे मी कधी सांगितलंच नाही, म्हणून आता सांगतो. आमचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडून पावड्या दाबतो. आषाढ-श्रावणात त्या खड्ड्यात ओल येते. शिवाय ताण्याला लावलेली खळ उन्हात वाळवावी लागते, ती पावसात वाळत नाही, सूत चिकटून तुटतं. म्हणून पावसाळाभर आमचे लोक माग सोडवून माळ्यावर ठेवतात, खड्ड्यावर फळ्या टाकतात, वर सतरंजी अंथरतात, आणि मिळेल त्याच्या शेतात तण निंदायला जातात. दसऱ्याच्या आसपास फळ्या निघतात. बाहेरून येणाऱ्याला श्रावणात आमच्या घरात माग दिसत नाही, बसायला एक चांगली ऐसपैस जागा दिसते.

तुम्ही नेमके तिथे बसलात. छत्री अडकवलीत ती मागाच्या, जमिनीत पुरलेल्या खुंटाला. आईने चहा आणला. तुम्ही बाबांना म्हणालात, "तुमचा मुलगा फार काळजीने काम करतो. तुमच्याकडे पूर्वी माग होता म्हणे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईने म्हणालो, "आजोबांच्या वेळी, सर."

बाबांनी तुमची कपबशी पुढे सरकवली. म्हणाले, "चहा घ्या मास्तर. थंडा होऊन राहिला."

तुम्ही गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "काहून गा? तुले माही लाज वाटते काय?" मी म्हणालो, तसं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. माझ्या प्रतीवर तुम्ही लिहिलंत, "ज्याच्या अक्षरावर हे पुस्तक उभं आहे, त्या उमरेडला." मी ती प्रत घरी नेली. बाबांना वाचता येत नाही. ते म्हणाले, "वाच, मास्तरनं आमच्यावर काय लिहिलं ते." ते विणत होते आणि मी शेजारी बसून सातवं प्रकरण वाचत होतो. त्यात एक वाक्य आलं. "उमरेडच्या एका विणकराच्या घरी मी स्वतः गेलो असता तिथे मागाची खूणही उरलेली दिसली नाही."

बाबांचा हात थांबला. "हे तं आपलंच घर होय."

मी पान उलटलं.

"मास्तर श्रावनात आला होता नं." मग त्यांनी दोन मोजण्यांचा भाग पुन्हा वाचायला लावला. ऐकून घेतला आणि सरळ विचारलं, "अन् ह्या सरकारवाल्यानं कोन्या महिन्यात मोजलं गा?"

केव्हा. तुमचा प्रश्न, सर. अंगठा उठवणाऱ्या माझ्या बापाने विचारला, आणि माझ्या चिठ्ठीवर त्याचं उत्तर नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी दप्तरखान्यात गेलो. पाचवा रकाना होता तिथेच होता. पहिली मोजणी ऐन थंडीतली. दुसरी भर पावसाळ्यातली, गल्लीमागून गल्ली. त्या मोजणीदाराने घराघरात सतरंज्या बघितल्या आणि बंद, बंद, बंद असं लिहीत गेला. मी तारखा एका कागदावर उतरवल्या, खिशात घातल्या आणि तुमच्याकडे आलो.

तो आपला शेवटचा मोठा वाद. तुम्ही व्हरांड्यात आरामखुर्चीवर होता. ऑपरेशन झालेलं होतं, डोळ्यांवर जाड भिंगांचा नवा चष्मा होता.

मी म्हणालो, "सर, विणकरांनी इतक्या लवकर माग सोडले नसावेत."

"नसावेत म्हणजे? कशावरून?"

"गावातली म्हातारी माणसं सांगतात."

"म्हातारी माणसं हेही सांगतात की त्यांच्या लहानपणी वांगी नारळाएवढी असायची. कागद आण."

कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. त्याऐवजी म्हणालो, "ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी कागद कुठून आणायचा? त्यांचा इतिहासच नाही का, सर?"

तुम्ही उठून बसलात. तुमचा आवाज चढला, माझाही चढला. काकू बाहेर आल्या, आमच्याकडे बघून पुन्हा आत गेल्या. तुम्ही म्हणालात, आठवणीवर इतिहास उभा राहत नाही, अख्खा मोहल्ला एकच गोष्ट चुकीची आठवू शकतो. मी म्हणालो, मोजणारा परका असला तर कागदही आंधळा असतो. शेवटी तुम्ही शांत झालात आणि म्हणालात, "हा प्रश्न चांगला आहे. मला ह्याचं उत्तर नाही. पण तू कागद आण, उमरेड. आणलास तर दुसऱ्या दिवशी मी ते प्रकरण फाडीन."

तुम्ही फाडलं असतं. तेच भय होतं. फाडण्याआधी तुम्ही विचारलं असतं, पाचवा रकाना कोणी सोडला? आणि विणकराच्या मुलाला महिन्याचं महत्त्व कसं कळलं नाही? पुढच्या आठवड्यात माझी प्राध्यापकाच्या जागेची मुलाखत होती. तुम्ही दिलेल्या पत्रात लिहिलं होतं, ह्याने उतरवलेला कागद मी मूळ कागदाइतकाच खरा मानतो. मी तो प्रश्न तुमच्याशी भांडायला म्हणून काढला, असं तुम्हाला वाटलं. प्रश्न खराच होता, सर, आजही आहे. पण त्या दिवशी मी त्याच्या आड लपलो होतो.

नोकरी लागली. तालुक्याच्या कॉलेजात मी मुलांना शिकवू लागलो, आणि पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं: कुठून, कोणी, केव्हा. दरवर्षी लिहितो. दरवर्षी तिसऱ्या शब्दाशी खडू अडतो.

मग तुमचं ते आजारपण. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. हॉस्पिटलात मी आलो तेव्हा काकू तुम्हाला चमच्याने पाणी पाजत होत्या. तुम्ही मला ओळखलंत. ओठ बराच वेळ जुळवत राहिलात. मग म्हणालात, "कागद... मिळाला?"

इतक्या वर्षांनी, अशा अवस्थेत, तुम्हाला तो वाद आठवत होता. तुम्ही वाट बघत होता. आणि मी म्हणालो, "शोधतोय, सर."

तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "प्रुफं तूच बघ. दुसरं कोण बघेल?"

मी म्हणालो, "काकू, सातवं प्रकरण चुकलंय."

"छापताना?"

"नाही. माझ्या हातून."

मी सगळं सांगितलं. तारखांचा तो जुना कागदही दाखवला. त्या एकेक खडा ताटाच्या कडेला सारत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हॉस्पिटलात त्यांनी तुला विचारलं होतं. मी तिथंच होते."

"हो."

"आणि तू म्हणालास, शोधतोय."

"हो."

"जा तू आता."

मी उठलो. त्यांनी वर बघितलं नाही. चार दिवस मी वर्गात काय शिकवलं मला ठाऊक नाही. पाचव्या दिवशी त्यांचा निरोप आला. गेलो तर प्रुफांचा गठ्ठा टेबलावर काढून ठेवलेला होता. बसायलाही न सांगता त्या म्हणाल्या, "ह्यांच्या लिहिण्यातलं एक अक्षर बदलायचं नाही. त्यांना आता हो-नाही म्हणता येत नाही, तर आपण त्यांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. पण चुकलेलं तसंच जाऊही द्यायचं नाही. तू खाली टीप लिही. तुझं नाव घालून. रडगाणं नको, काय घडलं तेवढंच." जरा थांबून म्हणाल्या, "आणि मला तो माग बघायचाय."

"काकू, अजून महिनाही झाला नाही. शेजारचे काय म्हणतील..."

"शेजाऱ्यांचं मी बघते. बस किती वाजता असते?"

परवा रविवारी मी त्यांना उमरेडला घेऊन गेलो. थंडी आहे, माग चालू आहे. त्यांना दारात बघून बाबा गडबडले, खड्ड्यातून पाय काढू लागले. आईला म्हणाले, "अवं, बाईले बसाले टाक वं काही." काकू म्हणाल्या, "उठू नका. तुमचं चालू ठेवा." आणि त्या मागाच्या कडेला, जमिनीवरच बसल्या. धोटा इकडून तिकडे जात होता, बाबांचे पाय खाली हलत होते, काठ इंचाने वाढत होता.

मग काकूंनी विचारलं, "हे आले होते तेव्हा कुठे बसले होते?"

बाबांनीच हात खाली करून दाखवलं. "इथंच, बाई. मी बसलो नं, याच जागेवर. फळ्या टाकल्या होत्या तवा. मास्तर अन् मी, दोघंबी मागावरच बसून चहा पेलो."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?"

बाबांनी धोटा हातात धरून ठेवला. "सांगाले पाह्यजे होतं. चुकलं माहं. पन घरातला पयला शिकलेला पोरगा, बाई. त्याले त्याच्या मास्तरसमोर खोटा पाडू काय?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तुम्ही गेल्यापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मी उठून बाहेर गल्लीत गेलो, तिथे कोणाचा तरी ताणा उन्हात वाळत होता, त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

टीप लिहून झाली आहे, सर. आठ ओळींची आहे. कुठल्या वह्या, कोणत्या महिन्यात मोजणी, पाचवा रकाना कोणी सोडला, आणि ज्या घराचा उल्लेख आहे त्या घरी माग होता व आहे. काकूंनी वाचून दोन शब्द काढायला लावले. सोमवारी ती प्रेसमध्ये जाईल.

पण माझ्या मनातून ती श्रावणातली दुपार जात नाही. मी तेव्हा उठून एक फळी बाजूला केली असती, तर तुम्ही धोतर सावरून त्या ओल्या खड्ड्यात उतरला असतात. मला माहीत आहे, उतरला असतात. बाबांना शंभर प्रश्न विचारले असते. बाबांनी माळ्यावरून एकेक वस्तू काढून तुमच्या हातात दिली असती, तुमचं काही चुकलं असतं, ते हसले असते, तुम्हीही हसला असतात, आणि शेवटची बस चुकली असती. आयुष्यभर मला शिकवणारी माझी दोन माणसं एका सतरंजीवर बसली होती, आणि मी त्यांना एकमेकांशी बोलू दिलं नाही. पुस्तकातलं चुकलेलं टिपेने दुरुस्त होईल. हे कुठल्याच टिपेत बसत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.